लपवलेला हात

कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. कंपनीनं मला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं. नोकरी राहिली, पण लग्न राहून गेलं. बीडकडची तीन स्थळं आली. तिन्ही वेळा मुलीकडच्यांनी हात पाहिला, चहा घेतला आणि नंतर निरोप पाठवतो म्हणाले.

एकोणचाळिसाव्या वर्षी स्टोअरमधल्या सोबत्यानं माझ्या फोनवर डेटिंगचं ॲप टाकून दिलं. "राव, इथं बायोडेटा लागत नाही, नुसतं बोलायचं," तो म्हणाला. मी चार फोटो टाकले. चारही फोटोंत उजवा हात खिशात होता.

महिनाभरानं तिचा मेसेज आला. ती पुनावळ्यात आईसोबत राहायची आणि रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नमुने घेण्याचं काम करायची. घटस्फोट झाल्याचं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी चिखलीतली माझी खोली, शिफ्ट, स्वतः केलेली फसलेली पिठलं-भाकरी, सगळं लिहायचो. हाताचं तेवढं राहून जायचं. राहून जायचं म्हणजे मीच राहू द्यायचो. व्हिडिओ कॉल आला की फोन डाव्या हातात धरायचो.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, आम्ही पिंपरीत मार्केटजवळच्या एका हॉटेलात भेटलो. मी आधी जाऊन बसलो होतो, हात टेबलाखाली. ती आली, हसली, पर्स मांडीवर घेऊन समोर बसली. फोटोपेक्षा थोडी थकलेली वाटली, आणि मला ती जास्तच आवडली.

चहा आला. मी डाव्या हातानं कप उचलला.

"डावखुरे आहात?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मग मिसळ आली. एका हातानं पाव तुटेना. बशी सरकली, तर्री टेबलावर सांडली, आणि बशी सावरायला माझा उजवा हात आपोआप वर आला.

तिनं हाताकडे नीट पाहिलं. नजर चोरली नाही.

"कशात गेली?"

"प्रेसमध्ये. नऊ वर्षं झाली."

"दुखतं अजून?"

"थंडीत दुखतं."

तिनं कागदी रुमालानं सांडलेली तर्री पुसली. मग म्हणाली, "मी दिवसभर लोकांचे हातच बघते हो. मला याचं काहीच वाटलं नसतं. पण आत्ता मी डावखुरे आहात का म्हणून विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात."

"घाबरलो होतो."

"माझा नवराही असंच म्हणायचा. नोकरी सुटल्याचं वर्षभर लपवलं. रोज डबा घेऊन निघायचा."

तिनं मिसळ मात्र संपवली, मलाही संपवायला लावली. बसस्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चाललो. बस आल्यावर "जपून राहा" म्हणाली आणि चढली.

त्या संध्याकाळी मी हाताचा फोटो काढला, खिडकीशी, उजेडात. ॲपवर तो सगळ्यांत पहिला लावला आणि तिला लिहिलं, की हे आधीच करायला हवं होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं: "फोटो पाहिला. चांगलं केलंत. पण मला आता पुन्हा तेवढा विश्वास टाकता येणार नाही."

मी "माफ करा" एवढंच लिहिलं. तिनं ते वाचल्याचं दिसलं. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. आधीच्या तिघींच्या घरच्यांचा मला राग आला होता. तिचा कधीच आला नाही.