शिडं उतरवलेली नौका

आज गॅरेज आवरताना एक खोका उघडला आणि वार्निशचा वास आला. आत बाबांनी केलेली लाकडी युद्धनौका होती. मधोमध धुराडं आणि तीन उघड्या डोलकाठ्या.

आई गेल्यावर मी बाबांना इथे अमेरिकेत, एडिसनला आणलं. मुंबईच्या गोदीत उभा जन्म काढलेला माणूस इथे खिडकीशी बसून ही नौका घडवत असे. एका दुपारी ते आईच्या जुन्या सुती साडीची शिडं डोलकाठ्यांना बांधत होते. खोलीभर वार्निशचा वास होता. मी त्यांचा ठाण्याचा फ्लॅट विकायचे कागद सहीसाठी घेऊन गेलो.

“बाबा, वाफेचं इंजिन आहे ना? मग शिडं कशाला?” मी हसत विचारलं.

“सुरुवातीला दोन्ही ठेवायचे रे. कोळसा संपला, इंजिन बंद पडलं, तरी घरी परत येता यायला हवं.” मग हळूच म्हणाले, “फ्लॅट राहू दे की.”

“कमॉन बाबा, मी आहे ना इथे!”

त्यांनी सही केली. मी खुशीत चहा टाकायला गेलो. परतलो तेव्हा ते कात्रीने शिडांचे दोरे कापत होते. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं.

पुढे आजारपणात ते रोज विचारायचे, “घरी कधी जायचं?” मी ऑफिसचा कॉल म्यूट करून सांगायचो, “बाबा, हेच घर.” मग त्यांनी विचारणंच सोडलं.

खोक्याच्या तळाशी शिडं सापडली, नीट घडी केलेली. आता ती बांधून मी कोणाला परत नेणार?