सातवी रेघ

वडवणीजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. शिकवावं असं तिथे कुणी नाही, हे माझं तेव्हाचं ठाम मत. शाळेच्या भिंतींवर पोपट, धरणं आणि दात काढून हसणारा सूर्य. तो सूर्य पाहिला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी व्हरांड्यातली एक भिंत मिळवली. करड्या रंगावर सात काळ्या उभ्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या चार आडव्या आणि उजव्या कडेला एकच तांबडा चौकोन. उभ्या रेघांमधलं अंतर उजवीकडे कमी कमी होत जायचं, त्यामुळे नजर सरकत सरकत त्या तांबड्यापाशी येऊन थांबायची. बघणाऱ्यानं एवढंच करायचं होतं.

पण आमच्या लोकांना थांबायला सवड कुठली? इतिहासाच्या मास्तरांनी विचारलं, "सर, खिडकी काढली का?" गणिताचे मास्तर म्हणाले, "हे तर माझी पाचवीची पोरंबी काढत्यात." तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर तांबड्या चौकोनात खडूनं सुविचार लिहिलेला. अक्षर खुद्द मुख्याध्यापकांचं.

"चौकोन रिकामाच होता की," ते म्हणाले. "म्हणलं, सर लिहायचं विसरले."

शाळेच्या भिंतीवरचा चौकोन सुविचारासाठीच असतो, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मी ओल्या फडक्यानं पुसायचो, ते दुसऱ्या दिवशी लिहायचे. पंधरवडाभर हेच चाललं. मग स्नेहसंमेलनाआधी भिंतीला पांढरा रंग द्यायचं त्यांच्या मनात आलं. रंग दिलात तर बदलीचा अर्ज देईन, असं मी बजावलं. अडाण्यांच्या हाती माझं चित्र मी जाऊ देणार नव्हतो. शनिवारच्या बैठकीत निकाल लागायचा होता.

शुक्रवारी दुपारी खिचडी शिजवणाऱ्या बाई भिंतीसमोर उभ्या दिसल्या. पोरांना वाढून झालं की त्या रोज तिथेच बसायच्या. सुट्टीच्या दिवशी कापूस लावायच्या कामाला जायच्या.

"सर, ही शेवटची रेघ ढिली हाय," त्या म्हणाल्या.

"कावून?" मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं, टिंगलीनं.

"बाकीच्या दोरी ताणून मारल्यात. हिला दोरीच लावली न्हाई तुमी. रानात अशी ओळ गेली की तण काढायला कोळपं चालत न्हाई, झाडं मोडत्यात."

"तुम्हाला यातलं काय कळतं? भांडी घासा जा," मी म्हणालो. त्या गेल्या.

मग मी भिंतीला ओळंबा लावला. सहा रेघा नीट होत्या. सातवीला मधे पोट सुटलेलं. मला ते ठाऊक होतं. पहिल्या सहा मी दोरी ताणून, चिकटपट्टी लावून काढल्या होत्या. सातवी संध्याकाळची बस गाठायच्या घाईत नुसत्या हातानं ओढली. इथे कुणाला कळतंय, असं तेव्हा मोठ्यानं म्हणालोही होतो.

शनिवारी पांढऱ्या रंगाचा डबा मीच मागितला. मुख्याध्यापक खूश झाले, सर ताळ्यावर आले म्हणाले. रंग देताना बाई पलीकडे भांडी घासत होत्या. त्या सबंध शाळेत माझं चित्र पाहिलं ते त्यांनी एकटीनं. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही, आणि मलाही त्यांना हाक मारायचं धाडस झालं नाही.