हातभर अंतरावरून

हिंगोलीच्या स्टेशनात गाडी हलायच्या आधी मी मोठ्या भावाला हळूच एक गोष्ट सांगितली. आमचा बा हातभर अंतरावर उभा होता, इंजिनाकडं बघत. त्याच्यासमोर बोलायला मला काही वाटलं नाही, कारण बा बहिरा होता. घरात, गावात सगळे तसंच मानत होते. तो बहिरा नाही हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि तरी मी बोललो.

दादा, तू गावीच राहिलास. काही गाववाले माझ्यामागून हैदराबादेत आले. तुम्हा सगळ्यांना यातलं अर्धंच माहीत आहे, म्हणून लिहितो.

आमचं घर मेंढरांचं. आखाडा बाळापूरच्या शिवारात बा मेंढ्या बसवायचा आणि लांडग्याची चाहूल कुत्र्याच्या आधी ओळखायचा. दादा शेती बघायचा, तेव्हा मेंढ्या पुढं मलाच सांभाळायच्या होत्या. मला ते नको होतं. मी हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात कामाला जात होतो. मालकानं भोंग्याचा नवा रेडिओ आणला आणि बॅटरीवर चालणारा, कानाला हेडफोन लावून ऐकायचा जुना मला देऊन टाकला. मला त्या हेडफोनचंच वेड लागलं. डोक्यावरची पट्टी काढून दोन्ही फोन सुटे केले, एक बाला, एक मला. तारांवरचं सुती वेष्टण कुजलं होतं. ते सोलून मी प्रत्येक तारेला बानं चातीवर कातलेली काळी लोकर गुंडाळली. जुन्या वेष्टणात एका तारेला लाल धागा होता. तो कशासाठी, हे मला माहीत नव्हतं. लोकरीखाली दोन्ही तारा सारख्या झाल्या. बाला त्याचं फार कौतुक. "माझ्या मेंढीतून बाई गाऊन राहिली," म्हणायचा.

काही महिन्यांनी तो विचारू लागला, "आज काहून हळू गाऊन राहिली ही?" माझ्या फोनात आवाज खणखणीत होता. मी म्हणालो, "बा, कान गेले तुझे." माझा फोन त्यानं कधी मागितला नाही. पोरगं शिकलेलं, पोरगं म्हणतं ते बराबर. त्याच थंडीत लांडग्यानं एक कोकरू नेलं. असं कुणाचंही जातं. पण त्या दिवसापासून कुत्रं भुंकलं तरी बा विचारायचा, खरंच भुंकलं का. भावजय त्याच्या तोंडावर म्हणायची, "थेरड्याला भाकरीचं तेवढं बरं ऐकू येतं." आम्ही हसायचो.

मग मालकाचा रेडिओ दुरुस्त करायला हैदराबादचे मिस्त्री आले. मी हौसेनं माझे फोन त्यांना दाखवले. त्यांनी बाचा फोन उघडला. आतली पत्र्याची चकती सैल निघाली, लोहचुंबक तिला धरतच नव्हता. "तार उल्टे जोडे तुम. चुंबक मर गया इसका." बॅटरीचा प्रवाह उलटा गेला की चुंबक दिवसेंदिवस दुबळा होतो आणि आवाज बसत जातो. लाल धागा त्याच खुणेसाठी असतो. बाकीचं काम मात्र त्यांना आवडलं. माझ्या दुकानात ये, म्हणाले.

घरी आलो तर, बहिऱ्याला राखण जमायची नाही म्हणून मेंढ्या बाळापूरच्या बाजारात विकायचं ठरलं होतं. बा एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी एक वाक्य बोललो असतो तर मेंढ्या राहिल्या असत्या. मीही राहिलो असतो. मी बोललो नाही.

स्टेशनात दादाला सांगितलं ते हेच. "बाचे कान चांगले हायेत. तार म्याच उलटी जोडली व्हती. आता मेंढ्या गेल्या, आता त्याला कशाला सांगायचं?"

दादा म्हणाला, "न्हाई सांगत."

दादा, तू शब्द पाळलास. सगळं कळूनही पुढं वर्षानुवर्षं त्याच्या कानाशी ओरडत राहिलास. त्याचं ताट गोठ्यात नेऊन ठेवलंस. मी तुला काय बोलणार?

आता आमच्या दुकानात भोंग्याचेच रेडिओ खपतात. बातम्या ऐकायला दाराशी माणसं दाटतात. हेडफोन कुणी विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी बसून मी जुने हेडफोन खोलतो, नव्या तारा घालतो, त्यांवर बाजारातली लोकर गुंडाळतो, त्यात लाल धागा ओवतो. बायको विचारते, कुणासाठी. एकदा त्यातला सगळ्यात चांगला निवडला आणि रेडिओसकट गावी घेऊन गेलो. बा गोठ्यात बसला होता. फोन त्याच्या कानाला लावला आणि सवयीनं ओरडलो, "ऐकू येतं का, बा?"

"वरडू नको," तो म्हणाला. "टेशनात हळू बोलला व्हतास, ते बी ऐकू आलं व्हतं."

कानावरचा फोन काढून त्यानं तार बोटांनी चाचपली. "ही लोकर माझी न्हाई," म्हणाला. फोन माझ्या हातात ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर मी जे जे विचारलं, ते ऐकू न आल्यासारखा बसून राहिला. बहिरा म्हणूनच गेला.

गाववाले भेटले की विचारतात, घरी कधी जाणार. घर म्हटलं की मला शिवार आठवत नाही, दार आठवत नाही. स्टेशनातली ती हातभर जागा आठवते. तिच्या अलीकडं मी बोलतो आहे, पलीकडं बा इंजिनाकडं बघतो आहे, आणि त्याला सगळं ऐकू येतं आहे.