बस्करावरचे गुरुजी

गुरुजींना खुर्ची चावते, असं आमच्या गावात म्हणत. चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून ते पायी शाळेत येत, खुर्चीवर टोपी ठेवत आणि स्वतः सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बस्करावर बसत. एकशिक्षकी शाळा, पण फळ्यापाशी आमच्यातलंच कुणीतरी उभं. सरकार ह्या माणसाला नुसतं बसायचा पगार देतं, असं पारावर बोललं जाई.

त्यांची रीत अशी, की ज्याला काल समजलं त्यानं आज शिकवायचं. "समजलंय का न्हाई, ते दुसऱ्याला सांगताना कळतंय," एवढंच ते म्हणत. अपूर्णांक आम्ही भाकरीवर शिकलो. शिकवणाऱ्यानं घरून भाकरी आणायची, ती मोडून गणित घालायचं, आणि ज्याचं उत्तर बरोबर येईल त्यानं तो तुकडा खायचा.

चौथीत माझी पाळी आली. माझी भाकरी बौद्धवाड्यातली, आणि अपूर्णांकात अडलेला दिनकर गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्याच दिवशी त्यानं उत्तर बरोबर दिलं आणि चतकोर तुकडा खाल्ला. बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दारात येऊन उभे राहिले. माझ्या पोराला हिच्यापुढून उठवा, नाहीतर बदली झालीच म्हणून समजा, असं त्यांनी गुरुजींना आवाज न चढवता सांगितलं. माझ्या हातात भाकरी तशीच. आता गुरुजी मला खाली बसवणार, याची मला खात्रीच होती. तेव्हा मी खाली बसले असते, तर पुन्हा फळ्यापाशी उभं राहायची हिंमत मला कधीच झाली नसती.

गुरुजी बस्करावरून हलले नाहीत.

"बाईंचा तास चालू हाय," ते म्हणाले. "तास झाल्यावर बोलू."

बाई म्हणजे मी. पुढे शिक्षिकेच्या नोकरीत ही हाक रोजचीच झाली, पण पहिली ती. माझं लक्ष दाराकडे होतं, त्यामुळे भाकरी वेडीवाकडी मोडली. अर्धी-अर्धी म्हणून मी दोन तुकडे पुढे केले. वडिलांकडे न बघता दिनकर म्हणाला, "हे अर्धं न्हाई, बाई. ह्या हातातलं जास्त हाय." तो उठला, मोठ्या तुकड्याची कड मोडून त्यानं दोन्ही सारखे केले आणि हातात उरलेला घास तोंडात टाकला. वडील दारातूनच मागे फिरले.

दिवाळीनंतर गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला. बस्कर काखेत मारून निघताना ते मला म्हणाले, "उद्या दिनकरची पाळी हाय. तू मागं बस." मला त्यांचा रागच आला. गुरुजीच नाहीत तर शाळा कसली, आणि दिनकरला आता घरचे येऊ देतील कशाला?

नवे गुरुजी अजून यायचे होते. तरी दुसऱ्या दिवशी पोरं जमली. मी भिंतीला टेकून दाराकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं दिनकर आला. सदऱ्याखालून त्यानं फडक्यात बांधलेली भाकरी काढली, त्याच्या घरची. फळ्यापाशी जाऊन ती मोडली आणि पहिलं गणित मलाच घातलं.

उत्तर सोपं होतं. तो चतकोर तुकडा मात्र मी बराच वेळ चावत राहिले.