हिचे कापा

"एका कुराणाचा रेट काय तुमचा?"

भरल्या दिवाणखान्यात भाबींनी विचारलं. भाबी म्हणजे टॉवेलच्या कारखान्याची मालकीण. त्यांच्या सासूच्या मरणाचा चाळिसावा दिवस होता. माझ्याकडं शिकणाऱ्या नऊ मुली घेऊन गेले होते. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग, मुलींनी वाटून घेऊन वाचायचे आणि त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मयताला पोचवायचा.

मी मंद्रूपची. सोलापुरात सासरच्या गल्लीत मुलींना कुराण वाचायला शिकवते. फी घेत नाही. अल्लाचं कलाम विकायचं नसतं, हे मला माझ्या आपांनी, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या बाईंनी, शिकवलं. गल्लीतल्या बायका भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ आमच्या नावानं बाजूला काढतात, त्यावर भागतं. बदल्यात काय वाचलं, असं मूठ काढणारी एकही बाई विचारत नाही. शिकवायची खोली मात्र भाबींची होती. पंखाही त्यांचाच. म्हणून त्या बोलावतील तिथं जायचं.

दर वेळी म्हणायचे तेच म्हणाले, "जे द्याल ते."

"असं कसं? छोट्या पोरींना अर्धं धरा की."

बायका हसल्या. मीही हसले. आज सांगायला लाज वाटते, पण हसले.

तेवढ्यात रुबीना अडली. आठ वर्षांची पोर. एका शब्दावर तीनदा मागं गेली. भाबींनी तोंड वाकडं केलं.

"ही अडखळतीया. हिचे कापा."

रुबीना माझ्या कानाशी आली. "आपा, माझ्यामुळं कमी मिळणार का?"

अंगाची लाही झाली. मीच पोरींना शिकवलं होतं, अडखळत वाचणाऱ्याला सवाब दुप्पट. अल्लाकडं दुप्पट, आणि हितं कपात! पण भाबींना काय बोलू? भाव करायची मुभा मीच दिली होती, "जे द्याल ते" म्हणून. मला ती नम्रता वाटायची. डोंबलाची नम्रता!

"भाबी, काही देऊ नका," मी म्हणाले. "रुबीना, वाच. सावकाश."

तिचा पारा पुरा होईपर्यंत सगळ्यांना थांबवलं. मयताचा काय दोष? मग पोरींना उठवलं. जेवायला थांबलो नाही.

"लई ताठा आलाय की! खोलीचं काय मग?"

पिशवीतून किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

आता आमच्या ओट्यावर शिकवते. उन्हाच्या झळा येतात. दोन पोरी यायच्या बंद झाल्या, त्यांचे बाप भाबींच्या कारखान्यात आहेत. त्यांना नावं ठेवत नाही. नवरा धड बोलत नाही. कधी कधी वाटतं, सगळ्याच पोरी गेल्या तर?

परवा एक ठेकेदार आला. नव्या दुकानात बरकतीसाठी पोरींकडून कुराण वाचून घ्यायचं होतं. म्हणाला, "काय लागंल ते देतो."

"पोरी येणार नाहीत," मी म्हणाले. "तुमची लेक पाठवा. तीच शिकेल, तीच तुमच्या दुकानात वाचेल. हितं चटईवर, रुबीनाशेजारी बसायचं. फुकट."

तो गेला. लेक आली नाही. न येऊ दे. ओटा गेला तर रस्त्यावर बसेन, पण माझ्या एकाही पोरीला पुन्हा कुणाच्या दिवाणखान्यात नेणार नाही.