जांभळाखालची काळी हळद

हुस्नाबी आमच्या भिंतीपलीकडे राहतात. यवतमाळच्या या गल्लीतल्या निम्म्या गाद्या त्यांच्या हातच्या. नवरा गुलाम नबी कापूस पिंजायचे, ह्या खोळ भरून टाके घालायच्या. चाळीस वर्षं उकिडवं बसून टाके घातल्यावर गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं. नवरा गेला, मुलानं, जमीरनं, धंदा मशीनवर नेला, तरी बाईचं काम काही संपलं नाही. सकाळपासून "अम्मी, हे द्या" आणि "अम्मी, ते बघा" एवढंच मला ऐकू येतं. ऐकून माझंच डोकं फिरतं. त्यांचं फिरत नाही, कारण रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलेलं नाही.

परसात जांभळाखाली त्यांचा काळ्या हळदीचा वाफा. बाजारात भेटणाऱ्या जमनी नावाच्या कोलाम आदिवासी बाईनं कधीकाळी जंगलातून चार गड्डे आणून दिले होते. गुलाम नबींनी स्वतः वाफा खोदला. लांब हिरव्या पानाच्या मधोमध काजळ ओढल्यासारखा पट्टा. ऊन लागलं की पान करपतं, म्हणून जांभळाची सावली. पावसाळ्यात उगवायची, हिवाळ्यात पानं वाळून जायची आणि गड्डे पुढच्या पावसापर्यंत कोरड्या मातीत झोपायचे. पैसा वाढावा म्हणून तिजोरीत ठेवायला गड्डा मागणाऱ्यांना हुस्नाबी हाकलून द्यायच्या, पाय मुरगळलेल्याला मात्र उगाळून द्यायच्या.

रोज चार वाजता त्या पाट घेऊन तिथं बसतात. हळद जमीरच्या अब्बांच्या हातची, म्हणून तेवढा वेळ घरातलं कोणी त्यांना हाक मारत नाही. एकदा मला म्हणाल्या, "मंजुषाबाई, दिवसातून हा एक घंटाच माहा हाय."

यंदा एप्रिलात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या नागपूरला बहिणीकडे गेल्या आणि महिनाभर राहिल्या. सून कशफ नवीन, हिवाळ्यातच लग्न होऊन आलेली. तिला दिसला वाळलेला वाफा. सासूचं झाड आपल्या हातून मेलं तर काय तोंड दाखवायचं, म्हणून पोरीनं रोज सकाळी कूलरच्या टाकीतलं शिळं पाणी बादलीनं वाफ्यात ओतलं. मी भिंतीवरून बघत होते. मला वाटलं, जांभळाला घालते आहे. मला तरी कुठे अक्कल होती!

जुलै अर्धा सरला तरी एक कोंब वर येईना. शेवटी हुस्नाबींनी खुरपं घेतलं. पहिला गड्डा दाबला तर बोटांत नुसता चिखल आला. दुसरा तसाच. सगळा वाफा उकरला, एकही धड निघाला नाही.

"सडले सारे," त्या म्हणाल्या.

मी कूलरच्या पाण्याचं सांगितलं आणि विचारलं, "कशफला बोलणार का?"

"काहून बोलू? जीव लावून पानी घातलं तिनं." मग त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. "पन मंजुषाबाई, वाफा गेला हे घरात समजलं, तर मी इथं कायले बसू?"

 मला रडू आलं. त्यांनी सडलेले गड्डे पदराआड उकिरड्यावर नेले आणि माती हातानं सारखी केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पाट घेऊन त्या पुन्हा तिथंच. रिकाम्या वाफ्यातलं गवत उपटत होत्या.

परवा कशफ भिंतीशी आली. "आंटी, अम्मी रोज बसून राह्यल्या, पन काही उगवलेलं तर दिसत नाही. मरलं का हो ते झाड?"

जांभळाखाली हुस्नाबींचा हात थांबला. मी जन्मभर शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं आहे.

"नाही गं," मी म्हटलं. "त्याला वेळ लागतो. आणि कोणीतरी रोज जवळ बसावं लागतं."