इंजिनाचा ठोका आणि हिचे मामा

मोटारींवर पूर्ण विश्वास आणि मोटारींच्या मालकांवर काडीचाही नाही, असा माणूस उभ्या नागपुरात मी एकच पाहिला, आणि ते माझ्या बायकोचे मामा निघाले. सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ त्यांचं घर आणि घराला टेकून पत्र्याची शेड. तिलाच सगळे गॅरेज म्हणत. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगू लागलं की मामा पाठ फिरवून पाने पुसायला घेत. एकदा एका वकीलसाहेबांनी इंजिनातल्या ठोक्यावर दहा मिनिटं भाषण केलं. ते थांबल्यावर मामा ओरडले, "झालं? आता गाडीले बोलू द्या!" ते नेहमी ओरडूनच बोलत. लग्नात त्यांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "गाडी आहे का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर माझ्यातला त्यांचा रस जो आटला, तो मी चौथ्या हातची एक काळी गाडी घेईपर्यंत परत आला नाही.

शेडमध्ये उभ्या गाडीचा ठोका ते कधीच तपासत नसत. "खाली, रिकामी गाडी खोटं बोलते," हा त्यांचा सिद्धान्त. इंजिनावर भार पडला की खरं काय ते बाहेर येतं, आणि आमच्या सपाट गावात चढ म्हणावा असा रेल्वेचा पूल तेवढा. मग भार वाढवायला गाडीत माणसं भरायची. "चला वं, बसा!" अशी हाक मामांनी गल्लीत दिली की बाया निवडती भाजी सुपासकट घेऊन येत. मालकानं गाडी चालवायची, त्याच्या शेजारी दोन बाया, मागे एक भरभक्कम काकू, अंग चोरून मामा आणि त्यांना चिकटून मामी. गाडीत कुणी तोंड उघडायचं नाही. चढ लागला की मामा डोळे मिटत आणि उतार लागला की निकाल देत. "बेरिंग." "टायमिंग." बस, एक शब्द! तो चुकल्याचं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. मामी नसतील तर मात्र गाडी निघत नसे. मामी म्हणजे अगदी काडी. मी एकदा म्हणालो, "मामा, यांचं वजन ते किती? त्यापेक्षा गव्हाचं पोतं टाका." मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामा हसले नाहीत.

मग मामींच्या पित्ताशयात खडे निघाले आणि धंतोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. नेमकी त्याच आठवड्यात माझी गाडी ठोके द्यायला लागली. मामा म्हणाले, मामी घरी येईस्तोवर थांबा. मला कुठला धीर! बाया गोळा केल्या, मामींच्या जागी खरंच गव्हाचं पोतं ठेवलं आणि मामांना जवळजवळ ओढूनच नेलं. पुलावर त्यांनी डोळे मिटले, मध्येच उघडले आणि पोत्याकडे बघितलं. उतार संपून गेल्यावर म्हणाले, "पिस्टनची पिन." इंजिन खोललं. तीन दिवस माझ्या गाडीची आतडी गोणपाटावर पसरलेली होती, आणि पिन निघाली ठणठणीत. शेजारपाजारचे मिस्त्री बघायला आले. "उस्ताद का कान गया," एक जण त्यांच्या पाठीमागे म्हणाला, तेही हळू आवाजात नाही. मामांचं गॅरेज त्या एका कानावर चालत होतं. गल्लीत ही गोष्ट पसरली तर शेडला कुलूप लागायला वेळ लागणार नव्हता, आणि हे सगळं माझ्या घाईपायी.

संध्याकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. मामींच्या कानावर सगळं आधीच आलेलं होतं.

"आवाज कसा येत होता, जावई?"

मी "टिर्र, टिक-टिक-टिक" असा आवाज काढून दाखवला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

"सपाटीवर येत होता?"

"नाही. चढावर, जोर दिला की."

"डबड्यातलं पेट्रोल टाकलं होतं का कुठं?"

टाकलं होतं. मौद्याहून येताना पेट्रोल संपलं म्हणून रस्त्यातल्या एका दुकानातून घेतलं होतं.

"घासलेट आहे त्यात. टाकी खाली करा. इंजन काहून खोललं यायनं!"

मामी छताकडे पाहत म्हणाल्या, "सात वर्षं झाली, त्यायले बारीक आवाज येतच नाही. कान जाऊन राहिला होता, तवा मले रोज संगं बसवून शिकवलं. हा बेरिंगचा, हा टायमिंगचा. मी विणकराची पोर, माग चालू असताना चुलीपाशी बसून धागा तुटलेला ओळखत होती. पुलावर मी त्यायच्या मनगटावर बोटानं तसाच ठोका देते. निदान त्यायचंच. एवढं घासलेटाचं तं मलेबी समजते आता." मग माझा हात धरून म्हणाल्या, "मी सांगतलं म्हणू नका. तुमालेच आठवलं म्हणा."

त्या हातासमोर मला माझ्या पोत्याची लाज वाटली.

शेडमध्ये येऊन मी जितकं मोठ्यानं खोटं बोलता येईल तितकं बोललो. मामांनी टाकीतलं पेट्रोल बोटावर घेतलं, हुंगलं. मिस्त्र्यांकडे बघून गरजले, "घासलेट! जावयाचं काम आहे!" मिस्त्री हसले, माझ्याकडे बघून हसले, आणि पांगले. मी आयुष्यात इतक्या आनंदानं मूर्ख ठरलो नव्हतो. सगळे गेल्यावर मामा पाना पुसत बसले. मग त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात विचारलं, "टाके कधी काढतात म्हणे तिचे?"

मामींना आम्ही त्याच गाडीतून घरी आणलं. त्या दिवशी मामांनी बाया बोलावल्या नाहीत. मागे दोघंच. मामी शालीत गुंडाळलेल्या, आणखीच बारीक झालेल्या. पूल आला तसं मी आरशात बघितलं. मामांनी डोळे मिटून मनगट पुढे केलं होतं आणि त्यावर मामींची दोन बोटं होती. मी जोर दिला. बोटं हलली नाहीत. गाडी चढली, उतरली, पूल केव्हाच मागे पडला, तरी मनगट तिथंच.

"मामा, ठोका गेला ना?" मी ओरडून विचारलं.

मामा डोळे न उघडता म्हणाले, "चूप बसा जावई. गाडीचं कोण पाहून राहिलं?"

मामी खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्या क्षणी मला त्या दोघांचा जो हेवा वाटला, तो ती दोघं जाऊन इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही.